माझ्या न झालेल्या चुकीवरचं चिंतन

आकुर्डीच्या ज्या कॉलेजात मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, तिथे शेवटच्या वर्षी आम्हाला चिंतन करायला लावलं. थट्टा नाही. प्रशिक्षणासाठी कंपनीत जायचं आणि दर आठवड्याला एक पान लिहायचं: काय घडलं, मला काय वाटलं, मी काय शिकले, पुढच्या वेळी काय वेगळं करेन. खाली कंपनीतल्या साहेबांची सही. अशी सगळी पानं लावली की झाला तुमचा व्यावसायिक विकासाचा पोर्टफोलिओ. तो घेऊन तोंडी परीक्षा द्यायची, पुढे नोकरीच्या मुलाखतीलाही तोच काखोटीला मारून जायचं. एका पानावर जरी सही नसली तरी प्रशिक्षण अपुरं धरता येईल, असं आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

कल्पना वाईट नव्हती. मी तर आजही म्हणते, चांगलीच होती. आठवडाभर आपण काय केलं, याचा माणसाने बसून विचार करावा, यात वावगं काय? पण आमच्या वर्गाने त्यावर लगेच तोडगा काढला. आधीच्या बॅचची एक फाइल ग्रुपवर आली. सगळ्या आठवड्यांचं चिंतन आयतं तयार, इंग्रजीत, फक्त कंपनीचं नाव बदलायचं. टीमवर्कचं महत्त्व पटलं, वेळेचं महत्त्व पटलं, सुरक्षेचं महत्त्व पटलं. कसलं ना कसलं महत्त्व पटल्याशिवाय कुणाचा आठवडा सरत नव्हता. सर खूश होते.

मी मराठीतून लिहायचं ठरवलं. इंग्रजीत लिहायला बसलं की हातातून त्या फाइलमधलीच वाक्यं उतरायची. सर म्हणाले, "मराठीत? पोर्टफोलिओ?" मी म्हटलं, "सर, नियमात दोन्ही भाषा चालतात." त्यांनी नियम काढून बघितला, चालत होत्या. तेव्हापासून मी त्यांच्या डोक्यात गेले.

आम्ही राहायचो चऱ्होलीत, नव्या टॉवरांच्या मागे उरलेल्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये. मोशीहून कंपनीची बस मिळायची, आणि ती चाकणच्या चौकात अडकली की अर्धी बस घोरायला लागायची. कंपनी ब्रेकचे सुटे भाग बनवायची. मला दिलं होतं तपासणीचं काम. त्या भागाला एक भोक असतं, पुढे दुसऱ्या कंपनीत त्यात पिन बसवतात. भोक मापात आहे का ते गेजने बघायचं. गेज म्हणजे बोटभर लांबीचा गुळगुळीत स्टीलचा दांडा. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये.

हाताला सवय झाली की ते टोक आत जाताना किंचित अडतं, ते बोटांना कळतं. एका सकाळी ते अडेनाच. भसकन आत जाऊ लागलं. उजेडात धरून पाहिलं तर टोक झिजून चकचकीत झालं होतं आणि गेज पुन्हा तपासून घ्यायची स्टिकरवरची तारीखही उलटून गेली होती. झिजलेला गेज लहान भोकातही शिरतो. म्हणजे जो तुकडा नापास व्हायला हवा, त्यालाही तो पास म्हणणार.

मी लाइन लीडरकडे गेले. हा तिथल्याच गावचा, वयाने माझ्या मोठ्या भावासारखा, तोंडाने गोड.

"दादा, गेज झिजलाय. तारीख पण संपलीय."

"व्हय, ठाव हाय मला. पर दुसरा न्हाई ना आपल्याकडं, ताई. दुपारची गाडी भरली की बघू."

"मग तपासणीच्या तक्त्यावर सही कोण करणार?"

"तुमीच की. रोज कोण करतंय?"

मी केली सही. आता हे वाचून कुणी मान हलवणार असेल, तर त्याने आधी शिकाऊ म्हणून एखाद्या लाइनवर उभं राहून बघावं. लीडरने सांगितल्यावर शिकाऊ पोरीने नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी तिला पॅकिंगला बसवतात, खोक्यांना चिकटपट्टी लावायला. तिथून परत मशीनजवळ आलेली मुलगी मी पाहिली नाही.

व्हायचं तेच झालं. पिन बसत नाही म्हणून माल परत आला आणि मीटिंग लागली. कारखान्यात अशा वेळी पाच वेळा 'का' विचारायची पद्धत असते. एका 'का'चं उत्तर मिळालं की त्याच्यावर पुढचा 'का', असं करत मुळाशी पोचायचं. पद्धत झकास आहे. फक्त आमच्याकडे तो 'का' जिना उतरत जायचा आणि सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसापाशी थांबायचा. पिन का बसली नाही? भोक लहान. लहान भोकाचा तुकडा पुढे का गेला? तपासणीत सुटला. का सुटला? तपासणाऱ्याने सोडला. का सोडला? लक्ष नव्हतं. लक्ष का नव्हतं? शिकाऊ आहे. झालं, सापडलं मूळ.

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, गेज झिजला होता. मी सकाळीच सांगितलं होतं."

लीडर टेबलाकडे बघत बसला. क्वालिटीचे साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "गेजचं आम्ही बघतो. तुमच्या बाजूने काय चुकलं, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी गुपचूप नवा गेज आला. लाइनजवळच्या फळ्यावर कागद लागला: 'कारण: तपासणीत दुर्लक्ष. कृती: शिकाऊ उमेदवारास समज दिली.' त्या फळ्यासमोरच चहाचा थर्मास असायचा. रोज चहा घेताना मी तो कागद वाचायचे आणि रोज माझ्या डोक्यात तिडीक जायची. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो राग मला आवडला, कारण त्या आठवड्याचं पान लिहायला तोच उपयोगी पडला.

पान मी तेच चार प्रश्न घेऊन लिहिलं, आणि त्यात माझे पाच 'का' घातले. माझे 'का' जिना चढत गेले. लहान भोक पास का झालं? गेज झिजला होता. झिजलेला गेज का वापरला? दुसरा नव्हता. दुसरा का नव्हता? मागणी गेली होती, वर मंजुरीला पडून होती; हे मी स्टोअरमध्ये विचारून आले होते. मग लाइन का थांबवली नाही? गाडी भरायची होती. माल मापात असण्यापेक्षा गाडी भरणं मोठं का? ते ठरवणारे त्या मीटिंगला नव्हते, म्हणून मला उत्तर मिळालं नाही. 'मी काय शिकले' या प्रश्नाखाली लिहिलं: माझ्या सहीचा उपयोग काय होतो, ते शिकले.

माझ्या पानांवर सही करायचे ते क्वालिटीचेच साहेब; त्यांनी पान वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. "हे पान काढा. बाकीच्यांवर सही करतो." बाकीच्यांवर त्यांनी खरंच केली, तारखेसकट, माझ्यासमोर.

मी पान घेऊन आकुर्डीला सरांकडे गेले. सर वाईट माणूस नव्हते. कंपन्यांपुढे हात जोडून त्यांनी आम्हा सगळ्यांना जागा मिळवून दिल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीने पोरं घेतली नाहीत तर काय, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, उलट चूक मान्य केली की छाप चांगली पडते. परीक्षकांना आवडतं. 'माझं लक्ष विचलित झालं, त्यातून मी एकाग्रता शिकले', एवढं लिही. साहेब लगेच सही करतील."

"पण सर, माझं लक्ष विचलित झालंच नव्हतं."

"नव्हतं झालं, ते कळलं मला. लिहायला काय जातं?"

मी पान उचललं आणि बाहेर पडले. लिहायला काय जातं! सगळं चिंतन ते याच्यासाठी? म्हणजे एखादी चूक गोड दिसेल अशी निवडायची, ती आपली म्हणायची आणि वर तिचे आभार मानायचे?

घरी पप्पांना सांगितलं. पप्पा लातूरकडून आलेले, भोसरीत पत्रा कापायच्या प्रेसवर काम करायचे. डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. त्यांना माझा डिप्लोमा हवा होता, माझ्यापेक्षाही जास्त. ते म्हणाले, "कशाला नडायलीस बाई? लिही ते म्हणतेत तसं, अन् मोकळी हो. मी बी लिहून दिलतं की."

"काय लिहून दिलं होतं?"

"बोटं गेली तवा. माझ्या चुकीमुळं झालं म्हणून. सायबानं लिहिलं, मी सही केली. माझंच चुकलं होतं."

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, की पप्पांचं चुकलं. पण आता मी स्वतः कारखाना बघून आले होते. मी विचारलं, "प्रेसला जाळी नव्हती? हात आत जाऊ नये म्हणून असते ती?"

"होती ना. काढून ठेवलेली. जाळी लावून प्रॉडक्शन निघतंय का?"

"काढायला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतंय? समदेच काढायचे." एवढं बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. आई कालवणाची वाटी घेऊन उभी होती, ती द्यायची राहून गेली. मग पप्पा हळूच म्हणाले, "चुकलं माझंच, असंच म्हणत आलो."

मला त्यांची इतकी दया आली, आणि त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं या माणसाने बोटंही दिली होती आणि वर दोषही घेतला होता. मी पान काढणार नाही, हे त्या जेवणावर ठरलं. पप्पांनी पुन्हा काढ म्हटलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते, पिकलेल्या केसांचे, बहुतेक कुठल्या तरी कारखान्यातून निवृत्त झालेले. सर त्यांच्या शेजारी बसले होते. परीक्षक पानं भराभर उलटत होते, त्या पानापाशी थांबले. सगळं वाचलं. त्यांनी वाचावं म्हणूनच मी लिहिलं होतं.

"याच्यावर सही नाही," ते म्हणाले.

"नाही, सर. मिळाली नाही."

"मग हे पान मला धरता येणार नाही. गुण कापावे लागतील, श्रेणी खाली येईल. पुढे कुठे मुलाखतीला गेलात तर तिथेही दिसेल ते. अजून वेळ आहे. पान काढून घेतलंत तर बाकीचा पोर्टफोलिओ पुरेसा आहे, मी पूर्ण म्हणून धरतो."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बाई, घे एकदाचं काढून. मी म्हटलं, "राहू दे, सर. कापा गुण." त्यांनी कापले. श्रेणी खरंच खाली आली, आणि पहिल्या दोन मुलाखतींत त्या पानावर बोट ठेवून मला परतही पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी घेतलं; का घेतलं, हे मी कधी विचारलं नाही.

पण त्या दिवशी परीक्षक लगेच पुढे गेले नाहीत. त्यांनी चौथ्या प्रश्नावर पेन टेकवलं. त्याच्याखालची जागा मी कोरी ठेवली होती. लिहिताना मला उत्तर माहीत नव्हतं.

"पुढच्या वेळी काय वेगळं कराल?"

"गेज खाली ठेवेन. सही करणार नाही."

"लाइन थांबेल."

"थांबू दे," मी म्हटलं.