दारातली फळी

माझं ब्लाउजपीसचं दुकान आहे. गेल्या वर्षी समोर एकाने तसंच दुकान टाकलं. माल माझ्याहून कमी, रंगही निम्मेच. पण कापड दाखवायची फळी त्याने थेट दारात, उजेडात मांडली आहे. बायका तिच्यावर साडी पसरतात, रंग जुळवतात आणि कापड घेऊन जातात.

माझ्याकडे ट्यूबलाइट आहे. वीस वर्षं प्रत्येक बाई विचारत आली, "दादा, जरा बाहेर उजेडात बघून येऊ का?" आणि मी मोठ्या मनाने म्हणत आलो, "या की बघून." गिऱ्हाईक आपली अडचण रोज तोंडाने सांगत असतं आणि आपण परवानगी देत बसतो. हे त्याला पहिल्याच दिवशी कसं कळलं, या विचाराने माझा जीव जळतो.

काल माझी बायको तिच्या नव्या साडीसाठी माझ्याच दुकानातलं कापड घेऊन बाहेर गेली. बघतो तर तिने ते समोरच्या फळीवर पसरलेलं. त्याने आपले तागे सरकवून तिला जागा करून दिली.

परत येऊन ती म्हणाली, "जुळतोय रंग. तिथे पटकन कळतं हो."