झऱ्याचा आवाज

पिंप्राळ्याहून मी एक दिवसाआड रिक्षाने जळगावातल्या एका दवाखान्यात डायलिसिसला जाते. शाळेतली नोकरी कधीच सुटली, पण शेजारच्या खाटेवरची अक्का मला अजून मास्तरीणच म्हणते. अक्का पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातली, शेतकरी घरातली. सून तिला घेऊन येते. आम्हा दोघींचं दुखणं एकच आणि हावही एकच, पाण्याची. मूत्रपिंडं चालत नाहीत, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच साठतं आणि पेल्यापेल्यावर बंधन येतं. उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटली की मी बर्फाचा खडा चघळते. अक्का ओठांवरून ओलं फडकं फिरवते.

मागच्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या मोठ्या लोकांना सुचलं, की रुग्णांना संगीत ऐकवावं. मन रमतं, त्रास कमी वाटतो. कल्पना वाईट नव्हती. पण काय ऐकायचं, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. छतात स्पीकर बसले. उद्घाटनाला पाहुणे आले, शाल आली, गुच्छ आले, फोटोवाला आला. आम्ही हातात सुया टोचलेल्या, आडव्या, उठून जायची सोय नाही. त्या बंद खोलीत अत्तराचा असा भपकारा सुटला की मी मोकळ्या हाताने नाक दाबलं. पाहुण्यांनी बटण दाबलं. बासरी सुरू झाली आणि बासरीमागे झरा. खळखळ, खळखळ, मधेच थेंबांची टपटप.

घोटभर पाण्यासाठी तरसणाऱ्या माणसांना हे वाहतं पाणी ऐकवत होते! मी डोळे मिटून घेतले, तर ते पाणी आणखी जवळ आलं.

"कसं वाटतंय आजी?" पाहुण्यांनी अक्काकडे वाकून विचारलं.

"पानी बंद करा," अक्का म्हणाली.

सिस्टर गोड आवाजात म्हणाली, "अक्का, आज पाणी जास्त नाही हं मिळायचं."

"माले पानी नको वं माय! ते वाजी ऱ्हायनं, ते बंद करा. बठ्ठं पोट ढवळी ऱ्हायनं."

पाहुणे हसले. "खेड्यातल्या लोकांना अशा संगीताची सवय नसते," असं फोटोवाल्याला म्हणाले. तेवढ्यात अक्काचं बीपी उतरलं. तिची मान कलली आणि सुनेने ट्रे पुढे करेपर्यंत ती भडभडून ओकली. पाहुण्यांनी अंगावरची नवी शाल नाकाला लावली आणि ते दाराकडे सरकले. सिस्टरने धावत येऊन अक्काचे पाय उंच केले. वर झरा वाहतच होता.

"अहो, बंद करा ना ते!" मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले. तेव्हा कुठे मशीन सांभाळणाऱ्या टेक्निशियनने बटण बंद केलं.

दोन-चार दिवसांनी सुनेने पेपर आणला. त्यात अक्काचा फोटो होता, मान कललेली, डोळे मिटलेले. खाली छापलं होतं, 'संगीतात तल्लीन झालेल्या रुग्ण.' ओकायच्या आधीचा तो क्षण! मला इतकी शिसारी आली की मी तो कागद फाडायलाच घेतला.

"फाडू नको वं मास्तरीण," अक्का म्हणाली. "पेपरमां मन्हा फोटो शे ना." तिने सुनेला तो नीट घडी करून पिशवीत ठेवायला लावला. मला तिचाही राग आला.

त्यानंतर टेक्निशियननेच तिला विचारलं, काय ऐकणार? अक्काने लग्नातलं नाचायचं गाणं मागितलं, आपल्याकडच्या बोलीतलं, धाडधाड वाजणारं. असली गाणी मला मुळीच सहन होत नाहीत. गल्लीत वाजली की मी खिडक्या लावून घेते. सुनेने स्वतःचा इअरफोन तिच्या कानात घातला, तरी ती धाडधाड माझ्यापर्यंत येत होती. शेवटच्या तासाला अक्काच्या पोटरीत नेहमीसारखा गोळा आला. सून चोळायला बसली. आधी अक्का विव्हळली, मग विव्हळता विव्हळता तिच्या पायाचा अंगठा ठेक्यावर हलायला लागला. गोळा आपल्या वेळेनेच उतरला, पण त्या दिवशी तिने सुया काढा म्हणून आरडाओरडा केला नाही.

आता ज्याने त्याने आपलं ऐकावं असं ठरलंय. छतातले स्पीकर मात्र आहेत. कुणी बडी असामी बघायला आली, की सिस्टर खालमानेने झरा सुरू करते आणि मी पाठ फिरवून, कानावर उशी दाबून पडून राहते.