मधला लाल पट्टा

सोलापुरात मी ज्या ऑफिसात काम करतो, तिथं विहिरी-बोअरच्या पाण्याचे आकडे डोळे पूर्ण झाकणाऱ्या व्हीआर चष्म्यात दाखवतात. चष्मा चढवला की पायाखालची जमीन आरपार दिसते आणि कुठल्या बोअरनं कुठलं पाणी ओढलं ते रंगांत कळतं. आकडे कोणी वाचत नाही, चित्र मात्र सगळे बघतात, असं मी छाती फुगवून सांगायचो.

मोडनिंबजवळच्या आमच्या शेतावरून वडील आणि धाकटे काका यांचं बोलणं बंद होतं. शेजारच्या आपल्या शेतात काकांनी बांधालगत बोअर पाडलं आणि आमची विहीर आटली, असं वडिलांचं म्हणणं. काका म्हणायचे, ती आधीच आटत होती. मला नको ते शहाणपण सुचलं. दोन्हीकडची पातळी मोजून चित्र तयार केलं आणि दोघांना बांधावर बोलावलं.

वडिलांनी आधी पाहिलं. काकांच्या बोअरपासून आमच्या विहिरीखालपर्यंत लालभडक पट्टा गेला होता. त्यांनी चष्मा काढून काकांच्या हातात कोंबला. "घे, बघ की आता!"

काका चष्मा घालून वाकले, हवेत चाचपडू लागले. "कुटं हाय रं लाल?"

हा अजूनही नाकारतोय असं वाटून वडिलांनी बोअरच्या मोटारीजवळचा लोखंडी पान्हा उचलला. मी ओरडेपर्यंत पहिला घाव काकांच्या जबड्यावर बसला होता. कोण मारतंय, कुठून मारतंय, त्यांना काहीच दिसत नव्हतं. ते चष्मा ओढत होते आणि वडील मारत होते. काच फुटून भुवईत आणि डोळ्यांत घुसली. मी वडिलांना मागून धरलं तर त्यांनी कोपरानं माझा दात पाडला. मग मीही जन्मदात्याच्या पोटात दोन बुक्क्या घातल्या. त्याची लाज मला आजही वाटते.

खरं तर मोजमाप फक्त विहिरीचं आणि बोअरचं होतं. मधलं सगळं कॉम्प्युटरनं अंदाजानं भरलेलं. तो भाग फिकट ठेवायचा असतो, हे मला पक्कं माहीत होतं. झकास दिसावा म्हणून मीच तो भडक केला.

तिसऱ्या दिवशी वडिलांना हे सांगितलं. मला वाटलं, आता मला मारतील. ते नुसते उठले आणि म्हणाले, "चल दवाखान्यात."

काकांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. वडील खाटेजवळ जाऊन हळूच म्हणाले, "मी हाय."

काकांनी दोन्ही हात तोंडासमोर धरले. "मारू नगं, दादा."