नाकसाहेबांना सगळं माहीत असतं

आमच्या ह्यांना सगळं माहीत असतं. लग्न ठरलं तेव्हा ही गोष्ट सासरच्यांनी माझ्यापासून लपवून ठेवली होती. मुलगा डेअरीत आहे, निर्व्यसनी आहे, एवढंच सांगितलं. निर्व्यसनी म्हणे! माणूस सिगारेट ओढत असला तर निदान तेवढा वेळ तरी गप्प बसतो.

नव्या संसारात पहिल्यांदा कांदा चिरायला बसले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. दुसरा एखादा नवरा विरघळला असता. हे दारात उभे राहून म्हणाले, "कांदा कापला की त्यातून एक वायू निघतो. तो डोळ्यातल्या ओलाव्यात मिसळला की चुरचुरतं, म्हणून पाणी येतं." मी म्हटलं, "असं होय? मग ही घ्या सुरी, उरलेले दोन तुम्ही कापून दाखवा." तर ह्यांना लगेच डेअरीतलं काहीतरी काम आठवलं.

डेअरीत ह्यांचं काम वास घेण्याचं. हसू नका, असं काम असतं. सकाळी दूधवाले कॅन घेऊन दूध उतरवायच्या धक्क्यावर रांग लावतात. हे झाकण उचलतात, नाक आत घालतात आणि एकच शब्द बोलतात. "ओत" म्हणजे दूध चांगलं, मोठ्या टाकीत जाऊ दे. "बाजूला" म्हणजे नासायला लागलंय, परत घेऊन जा. लॅबही आहे, पण लॅबवाले तपासतात ते टाकी भरल्यावर. एक आंबट कॅन आत गेला की अख्खी टाकी गटारात ओतायची. म्हणून सगळा भार ह्यांच्या नाकावर. उभ्या नोकरीत ह्यांचा एक कॅन चुकला नव्हता, हे मला मान्य करावंच लागेल. लोक नाकसाहेब म्हणायचे. मग काय विचारता, स्वारीचे पाय जमिनीला लागायचे बंद झाले.

बरं, वास कळतो म्हणून माणसाला बाकीचं जग कळलंच पाहिजे असं थोडंच आहे? पण हे कोणालाही सांगण्याची सोय नव्हती. आमची लेक लहानपणी एकेक विचारायची. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, जांभई एकाची दुसऱ्याला का लागते, पाण्यात बोटं का सुरकुततात. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर. कधी बरोबर, कधी साफ चूक, पण आवाज तोच. एकदा तिने विचारलं, "बाबा, माशी पुढचे पाय का चोळते?" हे म्हणाले, "थंडी वाजते तिला." पोरीने शाळेत तसंच सांगितलं आणि बाईंकडून बोलणी खाऊन आली. माशी पाय साफ करते म्हणे. ह्यांनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. "बाईंना विचार, त्यांनी माशीची चौकशी केली होती का?"

"माहीत नाही" हे दोन शब्द ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. आमच्याकडे पाहुणे यायचे तर मी आधीच सांगून ठेवायचे, बाबांनो, काहीही बोला, फक्त त्यांना "का" म्हणून विचारू नका.

लेक लग्न होऊन सासरी गेली, आणि मग एकदा ह्यांना सर्दी झाली. साधीच, चारचौघांना होते तशी. शिंका सुरू असताना शिंक येताना डोळे का मिटतात हे मला सविस्तर कळलं. सर्दी गेली, आणि त्यानंतर ह्यांनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला सुरुवात केली.

"आमटी पाणचट झालीय." "भाजीत काही दम नाही." रोज मीठ वरून घ्यायचे, रोज तोंड वाकडं. मी विचारलं, "अहो, एवढी वर्षं चाटून पुसून खाल्लंत, आता काय झालं?" तर म्हणाले, "वय झालं की बाईच्या हाताची चव जाते. तळहातात ग्रंथी असतात, त्या सुकतात." ग्रंथी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तळहात ह्यांच्या नाकासमोर नाचवला, म्हटलं, "दाखवा बरं कुठली सुकलीय ती!" ह्यांनी चष्मा लावून खरंच शोधली. त्या आठवड्यात मी ह्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलले. ह्यांना तो बदल जाणवला नाही, कारण एरवीही बोलण्याची पाळी माझ्यावर क्वचितच यायची.

पुढे लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली. एका सुटीच्या सकाळी दूध तापत ठेवून मी बाळाचे कपडे धूत होते आणि हे स्वयंपाकघरात शेगडीला पाठ लावून पेपर वाचत बसले होते. लेकीने बाहेरून सहज विचारलं, "बाबा, पाणी उकळलं तर उतू जात नाही, मग दूधच का जातं हो?" झालं, घोड्यावर मांड ठोकली. "त्याचं काय आहे, दुधावर साय धरते. खालची वाफ सायीखाली कोंडते, आणि..." मला बाहेर अंगणात करपल्याचा वास आला. धावत आत गेले. हे बोलतायत, आणि ह्यांच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, दूध उतू जाऊन, आटून, तळाला लागून काळं झालंय. घरभर करपट वास.

मी किंचाळले, "अहो, नाक आहे की नुसतं चष्मा टेकवायला ठेवलंय?"

हे दचकून वळले, भांड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बोलण्यात लक्ष होतं." आणि पेपर उचलून बाहेर गेले. करपलेल्या दुधाचा तो डाग घासताना माझा हात थांबला. दूध करपतंय आणि नाकसाहेबांना कळत नाही? ज्या माणसाने कधी काळी मलाच ऐकवलं होतं, जिभेला नुसतं गोड, खारट, आंबट, कडू कळतं, बाकी सगळी चव नाकात असते, त्याला माझी आमटी पाणचट लागते?

संध्याकाळी खात्री पटली. बाळाला न्हाऊ घालून, गुंडाळून लेकीने माझ्या मांडीवर दिलं. मी टाळूला नाक लावलं. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही घेतला त्यांना सांगून कळायचा नाही. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही घ्या ना. तुमच्या नाकाला तर मेजवानीच." हे वाकले, बाळाच्या डोक्याशी नाक नेलं. एकदा श्वास घेतला, मग पुन्हा एकदा, जोरात. वर आले तेव्हा चेहरा पार कोरा होता. आणि लगेच सुरू, "बाळाच्या डोक्याला वास का येतो, तर निसर्गाने आईला ओळख पटावी म्हणून..." बोलत राहिले, बोलत राहिले. बाळ झोपलं तरी बोलत होते. मला त्या दिवशी पहिल्यांदा ह्यांच्या बोलण्याचा राग आला नाही.

पण मग डेअरीत कसं चालतंय? महिने लोटले होते, एकही टाकी गटारात गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी हे डबा विसरून गेले, म्हणजे मी तो पिशवीतून काढून ठेवला होता. डबा घेऊन धक्क्यावर गेले आणि खांबाआड उभी राहिले.

पूर्वी ह्यांचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचं. झाकण, नाक, शब्द. आता काय बघते, हे झाकण उचलतात, नाक आत घालतात आणि डोळे मात्र वर, दूधवाल्याच्या तोंडावर. आणि तशाच अवस्थेत प्रश्न विचारतात. "काय हो, जांभई बघितली की आपल्यालाही का येते?" तो गडी हसला, म्हणाला, "साहेब, माझ्या बायकोला विचारा, ती मी बोललो की देते." हे म्हणाले, "ओत." पुढचा आला. "चंद्र आपल्याबरोबर का चालतो सांगा बघू." तो ह्यांच्याकडे बघेना. "साहेब, जरा लवकर करा ना, उशीर होतोय." ह्यांनी झाकण लावलं. "बाजूला." आणि तो माणूस एका शब्दाने भांडला नाही, मुकाट कॅन उचलून गेला.

म्हणजे ज्याच्या मनात पाप त्याचं प्रश्नात लक्ष नाही! जन्मभर ज्या प्रश्नांनी आमचं डोकं खाल्लं, त्यांच्यावर ह्यांनी नोकरी तगवली होती. मला हसू आलं, अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू. आणि लगेच भीतीही वाटली. लबाड माणूस सापडेल हो, पण ज्याला स्वतःलाच माहीत नाही की आपलं दूध फिरलंय, त्याचं काय? असा एखादा भला माणूस हसत हसत उत्तर देईल, हे "ओत" म्हणतील, आणि त्या टाकीबरोबर ह्यांची नोकरी आणि ह्यांचं नाव दोन्ही गटारात जाईल. आणि लॅबच्या नजरेतून सुटलंच, तर ते दूध कोणाच्या तरी लेकराच्या पोटात जाईल.

घरी समजावून सांगितलं असतं तर ह्यांनी मलाच वासाचं शास्त्र शिकवलं असतं. म्हणून मी दुसरी वाट धरली. घरात एक कॅन होता. त्यात दूध ठेवलं आणि मुद्दाम विसरले. दोन दिवसांनी झाकण किंचित उचललं तर डोकं भणभणलं. कॅन घेऊन डेअरीत गेले आणि रांगेत अगदी शेवटी उभी राहिले. चारचौघांत नवऱ्याचं नाक कापायची माझी इच्छा नव्हती. सगळे गेले, धक्क्यावर आम्ही दोघंच उरलो.

"अगं, तू? इथे?"

"दूध घालायला आलेय. का, बायकोचं दूध चालत नाही?"

हे खूश झाले. मान डोलवत झाकण उचललं, नाक आत घातलं. मी तोंडाने श्वास घेत होते. ह्यांनी माझ्याकडे बघत मिश्कीलपणे विचारलं, "सांगा बाई, आपल्याच घराचा वास आपल्याला का येत नाही?"

ह्यांच्याबरोबर संसार केलाय, चेहरा सरळ ठेवायला मला कोणी शिकवायला नको. मी म्हटलं, "नाकाला सवय होते. रोज तोच वास म्हटल्यावर मेंदू त्याची दखल घेत नाही. तुम्हीच सांगितलं होतंत."

"शाब्बास," हे म्हणाले. "ओत."

मी ओतलं नाही. झाकण लावलं, दाबून बसवलं. "अहो, हे परवाचं दूध आहे. पार फुटलंय. खांबावर बसलेला कावळासुद्धा उडून गेला."

"त्याचं काय आहे," हे म्हणाले, "गार हवेत वास जो असतो ना, तो..." आणि थांबले. कॅनच्या कडेवर हात ठेवून हे उभे राहिले.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"ती सर्दी झाली ना, तेव्हापासून."

"आणि माझ्या ग्रंथी सुकल्या होत्या काय हो?" मला हे विचारायचं नव्हतं, पण इतके दिवस साठलं होतं, बाहेर पडलंच. आणि मग मला रडू फुटलं. "का येत नाही वास? का सांगितलं नाहीत?"

ह्यांनी कॅन बाजूला सारला. मग म्हणाले, "मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्वतःच मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिले. मॅनेजर भला माणूस. आधी त्याला ती थट्टाच वाटली, मग त्याने ह्यांना रिकामे कॅन धुतले जातात तिथे देखरेखीला ठेवलं. झाकणावर आता दुसरा माणूस असतो. तो प्रश्न विचारत नाही, त्यामुळे दूधवाल्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटतं म्हणतात. डॉक्टरकडेही मी ह्यांना ओढून नेलं. नाक परत येईल का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही, सांगता येत नाही. घरी येताना हे वाटभर त्याच विचारात. "एवढा शिकलेला माणूस, आणि सरळ म्हणाला गं, सांगता येत नाही!"

त्या संध्याकाळी बाळ ह्यांच्या मांडीवर होतं. लेक आत होती, मी भाजी निवडत बसले होते. हे बाळाच्या डोक्यावर वाकले, आणि मला वाटलं आता सुरू होणार. मी तयारीनेच म्हटलं, "बोला."

"अगं," हे हळूच म्हणाले, "कसा येतो?"

"काय कसा येतो?"

"वास. ह्याच्या डोक्याचा. मला सांग ना."

आणि गप्प बसून राहिले, माझ्या तोंडाकडे बघत. एवढ्या वर्षांत ह्यांनी उत्तर माहीत नसताना मला विचारलेला आणि उत्तरासाठी थांबलेला हा पहिला प्रश्न. मी भाजी बाजूला सारली, हात पुसले आणि बाळाच्या टाळूला नाक लावलं.

"उन्हात वाळलेल्या मऊ चादरीसारखा," मी म्हटलं. "थोडा साबणाचा. थोडा घामाचा, पण गोड. आणि दुधाचा."

"दूध कसं आहे?" ह्यांनी विचारलं. "नीट बघ. पहिला वास खरा."

मी पुन्हा वाकले, डोळे मिटून पुरता श्वास घेतला.

"ओत," मी म्हटलं.