मामा आकाशपाळण्यात बसतात

शिरूर तालुक्यात माझ्या धाकट्या मामांच्या संशयातून सुटलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. डॉक्टरांनी गोळी दिली की "आदी तुमी घ्या, मग मी घेतो," असं ते तोंडावर सांगतात. गाडीतल्या नकाशातली बाई 'डावीकडे वळा' म्हणाली की विचारतात, "ही कुठल्या गावची? हिला कुनी सांगितलं?" माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीची चौकशी करायला ते म्हशीचं गिऱ्हाईक बनून तिच्या राहू गावात दोन दिवस मुक्काम ठोकून आले आणि म्हणाले, "पोरगी चांगली हाय. म्हशीत मात्र कायतरी गडबड वाटती." त्या पोरीशी माझा संसार सुखाचा झाला, म्हशीचं पुढं काय झालं ते कळलं नाही. मामा साखर कारखान्यात फिटर होते, आणि यंत्र नीट चाललं की अस्वस्थ व्हायचे. निवृत्त झाले तरी खिशात पान्हा असतोच. पाहुण्यांकडे गेले की बसण्याआधी खुर्ची उलटी करून बघतात.

गेल्या हिवाळ्यात मामींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी त्यांची एकच हौस होती. चौफुल्याच्या रस्त्यावर, भीमेचा पूल ओलांडल्यावर, एक करमणुकीची बाग होती. आम्ही भाचरं लहान असताना मामांनी सगळ्यांना तिथं नेलं होतं. आकाशपाळण्याच्या रांगेत मामी तासभर उभ्या राहिल्या, आणि पाळी आली तेव्हा मामांनी एक नट चाचपून "ढिला हाय, उतरा समदी!" असं ओरडून अख्खी रांग मोडली होती. पुढं बागच बंद पडली.

"एकदा नुसती बघून येऊ," मामी म्हणाल्या.

"बंद बागंत काय बघायचंय?" मामांना लगेच वास आला. "ह्यात कायतरी हाय."

तरी आले. मी दोघांना गाडीतून घेऊन गेलो. झुकझुक गाडीचं इंजिन बाभळीत शिरलं होतं आणि कारंज्याच्या हौदात शेळ्या बसल्या होत्या. आकाशपाळणा मात्र गंजून का होईना, उभा होता. मामांनी म्हाताऱ्या रखवालदाराची उलटतपासणी सुरू केली. मालक कोण, भंगार कुठं जातं, शेळ्या कुणाच्या? मग मामांनी पान्हा काढला आणि पाळण्याच्या खांबाला लावला, तसा रखवालदार काठी घेऊन धावला.

"ओ आबा! परवा बी एकजन असाच बायकूला घिऊन आल्ता. मोटर काढून न्हेली त्यानं!"

उभ्या आयुष्यात मामांवर कुणी संशय घेतला नव्हता. "ते माझे मामा आहेत," मी म्हणालो. "तुमी बी त्येंच्यातलंच," रखवालदार म्हणाला. मामी हसत हसत दगडावर बसल्या.

"बाबा, चोर न्हाईत ते. त्येंना भ्या वाटतं, म्हून समदं तपासत्यात. मला ह्यात बसायचंय. फिरवू नका, नुसतं बसू द्या."

रखवालदारानं पान्हा ताब्यात घेतला, मग परवानगी दिली. सगळ्यात खालचा पाळणा मामांनी नुसत्या हातांनी वीस मिनिटं तपासला. मी आधार दिला आणि मामी बसल्या. "तुमी बी या की," त्यांनी समोरची जागा दाखवली. मामा कडेला अंग चोरून बसले. पाळणा हलू नये म्हणून मी दांडी धरून उभा होतो.

मामा खाली बघत म्हणाले, "तवा नट ढिला नव्हता."

"मग वो?"

"तू वर जानार, आन् मी खालून बघनार. मला जमलं नसतं ते."

मामींनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. "आन् मी भावकीत समद्यांना सांगत फिरले, आमच्या मालकांनी तीस मानसांचा जीव वाचवला म्हून!"

मामा वरमले. मामींना आधी हसू आलं, मग त्यांनी पदरानं डोळे पुसले. मामांनी हळूच विचारलं, "वरनं कसं दिसत आसंल गं? नदी दिसत आसंल?"

"मला काय ठावं?" मामी म्हणाल्या.

आणि दोघंही माना वर करून त्या सगळ्यात उंच, रिकाम्या पाळण्याकडे बघत राहिले.