नऊचा गजर

देवाकडे मी आयुष्यभर एकच मागत आले, अंगात ताकद दे. त्यामुळे धाकट्या बहिणीची किडनी मला बसवल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता तुमची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवायची, कायमची," तेव्हा मला ते मुळीच पटलं नाही. सकाळी नऊ आणि रात्री नऊला गोळ्या घ्यायचे खरी, पण हात थरथरायचे, केस गळायचे आणि वाटायचं, हे बरं होणं आहे की दुबळं होणं?

त्यात आमची कोथरूडची सोसायटी. जिन्यात भेटेल तो वैद्य! शेजारच्या काकू पिशवीभर गुळवेल घेऊन आल्या. "काढा घ्या, प्रतिकारशक्ती कशी वाढते बघा." हेच तर मला हवं होतं! गुरुवारपासून काढा सुरू आणि गोळ्या बंद, असं मी परस्पर ठरवून टाकलं. बुधवारी रात्रीची गोळीही मुद्दाम घेतली नाही. बहिणीचा रोजचा फोन आला, "ताई, गोळी?" "घेतली गं बाई," मी चक्क खोटं बोलले.

गुरुवारी सकाळी काढ्याची बाटली घेऊन दत्ताच्या देवळात गेले. आधी देवापुढे ठेवायची, मग प्यायची. औदुंबराला प्रदक्षिणा घालत होते, तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. नऊचा गजर बंद करायला मी विसरले होते. आणि त्याच क्षणी पारावर मास्क लावून बसलेल्या एका गृहस्थांचाही फोन वाजला. त्यांनी खिशातून डबी काढली आणि विचारलं, "तुमचीही नऊचीच? किडनी?"

का कोण जाणे, त्या अनोळखी माणसाला मी सगळं सांगून टाकलं.

"अहो, काय करताय हे! प्रतिकारशक्तीला तुमची बहीण ओळखू येत नाही. तिच्या लेखी ती किडनी परकीच. प्रतिकारशक्तीला जोर दिलात की ती आधी किडनीवरच तुटून पडेल. गोळ्या तिला आवरून धरतात." मग मान खाली घालून म्हणाले, "माझी पहिली किडनी अशीच गेली. बरं वाटतंय म्हणून मीच गोळ्या सोडल्या. आईची होती."

काढ्याची बाटली मी खाली ठेवली. पर्समध्ये बहिणीनेच ठेवलेल्या जादा गोळ्या होत्या. "आत्ताचीच घ्या. कालची राहिली म्हणून दुप्पट नको. आणि लगेच डॉक्टरांना फोन करा," ते म्हणाले. मी त्यांच्यासमोर गोळी घेतली. डॉक्टरांनी फोनवर चांगलंच झापलं आणि रक्त तपासायला बोलावलं. रिपोर्ट आला. किडनी शाबूत होती. हात थरथरतात हेही मी डॉक्टरांना तेव्हाच सांगितलं, तर त्यांनी तपासून डोस थोडा बदलला. आधीच विचारलं असतं तर!

त्या गृहस्थांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नंतर कितीतरी गुरुवार पाराकडे बघत राहिले, पण ते दिसले नाहीत. ते कोण होते, यावर मी वाद घालत नाही. माझ्यासाठी त्या दिवशी दत्तच पारावर बसले होते.

बहिणीला सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, माझ्याकडे द्यायला आता दुसरी नाही गं."

हल्ली मी देवाकडे ताकद मागत नाही. नऊचा गजर झाला की हात जोडते आणि म्हणते, दुसऱ्याने दिलेलं निमूट आपलं म्हणून घेण्याची बुद्धी दे. मग गोळी घेते, आणि बहिणीचा फोन यायच्या आत मीच तिला फोन लावते.