कोणी नाही, असं मी म्हणालो

आमच्या उपासना मंडळात हा अनुभव मी अनेकदा सांगितला, पण त्यातला एक भाग सांगायचं वर्षानुवर्षं टाळलं. आज तोही लिहितो.

करोनाच्या टाळेबंदीत वर्तकनगरच्या घरी आम्ही महाराजांच्या पोथीचं पारायण धरलं. पत्नी सुमन वाचायची, मी ऐकायचो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, उजव्या डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं होतंय. कडेने काळंही दिसतंय." मला दवाखान्याचीच धास्ती होती. म्हटलं, "पारायण मध्ये मोडू नये. अंगारा लाव." तिने पापणीला अंगारा लावला. पुढे ओळी दिसेनात, तेव्हा पाठ होतं ते म्हणत राहिली.

सातव्या दिवशी नैवेद्य दाखवला आणि बेल वाजली. घरोघरी ताप, ऑक्सिजन तपासणाऱ्या आशाताई होत्या. समाप्तीला दारी आलेल्याला परत पाठवत नाहीत, म्हणून मी दार उघडलं. त्यांनी सुमनच्या बोटाला यंत्र लावलं. "काकू, आकडा वाचा." सुमनला अर्धाच दिसला. "काका, हे साधं नाहीये. आत्ताच्या आत्ता न्या यांना," म्हणत त्यांनी ओळखीची रिक्षाही बोलावली. नौपाड्यातले डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय, फार उशीर केलात. तो डोळा गेला. डाव्या पडद्यालाही छिद्र पडलं होतं. लेझरमुळे तो डोळा वाचला.

"महाराजच आले होते," सुमन सगळ्यांना सांगायची. मीही सांगायचो.

महिन्याभराने ताई पुन्हा आल्या, तेव्हा सुमन आत झोपली होती. मी हात जोडले, तर त्या हसल्या. "कसले महाराज, काका! मी चार दिवस आधीपण आलेले. तुम्ही आतूनच ओरडलात, आम्ही ठणठणीत आहोत, पुढे जा!"

तेव्हा आठवलं. सुमनने पोथीतून मान वर करून विचारलं होतं, "कोण हो?" आणि मी म्हणालो होतो, "कोणी नाही."

मग कृपा कुठली म्हणायची? दुसऱ्यांदा आली ती, की मी परत पाठवली ती? मला अजून उलगडत नाही. डाव्या डोळ्याने सुमनने नातीचं तोंड पाहिलं, त्याबद्दल महाराजांपुढे रोज डोकं टेकतो. पण मी शरण गेलो होतो, असं आता म्हणवत नाही. भ्यालो होतो, आणि त्या भीतीला नेम म्हणत होतो.

गेल्या वर्षी सुमन गेली. आजारपणात उजवीकडून पाणी पुढे केलं की ती दचकायची. दर वेळी तोंडाशी यायचं, "सुमन, त्या दिवशी दारात कोणीतरी होतं. मला माफ..." आणि मी म्हणायचो, "पाणी घे."